शेळ्यांचं शेड आणि चार डिक्शनऱ्या

मे महिन्यातल्या व्हेकेशन बॅचला मी अर्जलेखन दिलं होतं. नवीन वीजजोड मिळावा म्हणून विनंती अर्ज, इंग्रजीतून. एका पोराने लिहिलं, माझ्या वडिलांनी शेळ्यांसाठी शेड बांधलं आहे. स्पेलिंग केलं होतं एस-एच-ए-डी-ई. म्हणजे वडिलांनी शेळ्यांसाठी सावली बांधली. मी लाल गोल केला, अर्धा मार्क कापला. पोरगा वही घेऊन टेबलाशी आला. "बाई, शेडमध्ये सावलीच असते की. मग चुकलं काय?"

मी म्हटलं, स्पेलिंग चुकलं. तो गेला, पण समाधान होऊन गेला नाही हे त्याच्या पाठीवरून कळत होतं.

त्याच आठवड्यात एका मुलीने 'माझे वडील' या विषयावर निबंध लिहिला. वडील ट्रॅक्टर चालवतात, पहाटे चारला उठतात, वगैरे सगळं छान. शेवटचं वाक्य असं की मी आजही माझ्या वडिलांच्या 'शॅडो'मध्ये राहते. तिला म्हणायचं होतं, वडिलांच्या सावलीत राहते. इंग्रजी वाचणाऱ्याला मात्र हे कौतुक वाटणार नाही, गाऱ्हाणं वाटेल. वडिलांपुढे माझं काही चालत नाही, मला कुणी विचारत नाही, असं. मी पेन उचललं आणि तसंच खाली ठेवलं. काय दुरुस्त करायचं? तिथे 'शेड' घातलं तरी वाक्य सुधारत नव्हतं.

मग घरातल्या आणि फोनमधल्या सगळ्या डिक्शनऱ्या काढल्या आणि एकेकीला एकच प्रश्न विचारला: शेड आणि शॅडो, दोघांमधला बांध कुठून जातो ते दाखव. आमच्या माण तालुक्यात जमिनीची भांडणं बांधावरूनच होतात. सातबाऱ्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं, पण बांध जागेवर जाऊनच बघावा लागतो. डिक्शनऱ्यांचंही तसंच असतं असं मला तीस वर्षांच्या शिकवणीनंतर वाटू लागलंय. खाली लिहिते ते या एकाच जोडीवरून केलेलं परीक्षण आहे. कुणाला वाटेल की एका जोडीवरून आख्खी डिक्शनरी कशी जोखायची. भात शिजलाय का बघायला आपण आख्खं पातेलं चिवडत नाही.

सुरुवात खिशातल्या इंग्रजी-मराठी डिक्शनरीपासून. पोरांच्या दप्तरात हीच असते, प्रकाशनं वेगवेगळी. नाव घेत नाही, कारण चार पोरांकडच्या चार उघडल्या आणि चारींचं उत्तर जवळपास एकच निघालं. शेड म्हणजे सावली, छाया, रंगाची छटा. शॅडो म्हणजे सावली, छाया, पडछाया. दोन्हीकडे सावली आधी, छाया मागून. दोन जुळी भावंडं दारात उभी आणि घरातलं माणूस सांगतंय की दोघंही पाटलांचीच. अहो, ते दिसतंय. कोणता कोण ते सांगा. एक 'पडछाया' तेवढी कामाची, पण ती तिसऱ्या नंबरला, आणि पोरं पहिल्या अर्थापलीकडे जात नाहीत. मीही लहानपणी जात नव्हते.

चिडायचं कारण वेगळंच आहे. हा बांध दाखवायची ताकद खरं तर याच डिक्शनरीत आहे, कारण तिला मराठी येतं. मराठीत नाम एकच, सावली, पण क्रियापद लावलं की दोन वाटा होतात. झाड सावली देतं. सावली मिळते. सावलीला बसतो. ही शेड. सावली पडते, लांबते, हलते, मागे मागे येते. ही शॅडो. अनेकवचन करून बघा: 'संध्याकाळच्या सावल्या' म्हटलं की त्या शॅडोच असतात. 'आम्ही झाडांच्या सावल्यांना जेवलो' असं कुणी म्हणत नाही, दहा झाडांखाली पंगत बसली तरी सावलीलाच जेवतो. इंग्रजांनी जो फरक नामात ठेवलाय तो आपण क्रियापदात आणि वचनात ठेवलाय. अर्ध्या ओळीत मावेल एवढी ही गोष्ट. 'देते ती शेड, पडते ती शॅडो' एवढं छापलं असतं तर माझा लाल पेन निम्मा वाचला असता. नियम अगदी काटेकोर नाही, हेही खरं. समोरच्या बिल्डिंगची सावली तुळशीवर पडते तेव्हा इंग्रजीत शेडही चालतं, शॅडोही चालतं. पण दहावीच्या पोराला आधी शंभरातल्या नव्वद वेळा बरोबर येऊ दे.

आणि 'सावट' कुठे गेलं? आमच्याकडे पेपर उघडला की दुष्काळाचं सावट, टंचाईचं सावट, यात्रेवर पावसाचं सावट. इंग्रजी पेपर नेमक्या त्याच जागी शॅडो घालतो. त्या चारपैकी एकाही डिक्शनरीत शॅडोपुढे सावट नव्हतं. रोज ज्या शब्दाशी गाठ पडते तोच नाही. खिशातली डिक्शनरी ठेवा, अवघड शब्दाचा झटपट अर्थ बघायला ती बरी आहे. पण सारख्या दिसणाऱ्या दोन शब्दांसाठी तिच्याकडे जाऊ नका. फोनवरच्या भाषांतराच्या ॲपची तर हजेरीही घेत नाही. 'सावलीत बस' टाकलं, त्याने शॅडोमध्ये बसवलं.

आता मोठी डिक्शनरी. ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स. दहावी आवृत्ती २०२० साली आली. माझी त्याआधीची आहे, पुण्यात अप्पा बळवंत चौकातून जुनी घेतलेली, साडेतीनशे रुपयांना. पहिल्या पानावर आधीच्या मालकाने 'एमपीएससी २०१४' असं लिहून खाली दोन रेघा मारल्यात. तो पास झाला की नाही कोण जाणे, पण डिक्शनरी विकली म्हणजे एक तर झाला किंवा नाद सोडला. वजन असं की मांडीवर घेऊन वाचता येत नाही. माझी चुलीपुढच्या पाटासारखी खिडकीच्या कट्ट्यावर कायमची बसलेली आहे.

या डिक्शनरीबद्दल एक गोष्ट मी प्रत्येक बॅचला सांगते. ए. एस. हॉर्नबी नावाचा इंग्रज मास्तर १९२४ साली जपानला इंग्रजी शिकवायला गेला. तिथे त्याच्या लक्षात आलं की इंग्रजांसाठी लिहिलेल्या डिक्शनऱ्या जपानी पोरांच्या उपयोगाच्या नाहीत. इंग्रज माणूस अर्थ शोधायला डिक्शनरी उघडतो. परक्या पोराला अर्थाच्या पुढचं हवं असतं: हा शब्द वाक्यात बसवायचा कसा? नामाआधी 'अ' लावायचा का? अनेकवचन होतं का? त्याने दोन सहकाऱ्यांबरोबर कोश केला, तो १९४२ साली टोकियोत छापला गेला, आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो आपल्या नावाने काढला. म्हणजे ही डिक्शनरी मुळातच आपल्यासारख्यांसाठी आहे. ज्यांच्या घरी इंग्रजी बोलत नाहीत त्यांच्यासाठी.

आणि ते कामात दिसतं. शेड काढलं की नामाच्या अर्थाशेजारी बारीक अक्षर दिसतं, यू. म्हणजे मोजता न येणारं. शॅडोपुढे सी, मोजता येणारं. पोरं या अक्षराकडे ढुंकून बघत नाहीत, आणि सगळी किल्ली तिथेच आहे. शेड मोजत नाहीत, जसं पाणी मोजत नाहीत. असते किंवा नसते, जास्त असते किंवा कमी असते. शॅडो एकेक असते, ज्याची त्याची. वर वेगळी चौकट टाकून दोघांमधला फरक तीन-चार ओळींत दिलाय: उन्हापासून आडोसा मिळालेली थंड जागा ती शेड, उजेडासमोर माणूस किंवा वस्तू आल्यावर पडणारी काळी आकृती ती शॅडो. पुढे तिसरी ओळही आहे आणि ती महत्त्वाची. अंधारलेल्या जागेलाही शॅडो म्हणतात, जिथे नीट दिसत नाही, आणि तेव्हा ती मोजायची नाही. लग्नाच्या फोटोत अर्ध्या वऱ्हाडाच्या तोंडावर काळोख आलेला असतो ना, तो. तिथे गारवा नसतो, नुसता उजेड नसतो. मी ही तिसरी ओळ वाचेपर्यंत पोरांना चुकीचंच सांगत होते, की मोजता आली तरच शॅडो.

वडिलांच्या सावलीचं उत्तरही इथेच मिळालं. कुणाच्या शॅडोत असणं म्हणजे त्याच्या मोठेपणामुळे आपल्याकडे कुणाचं लक्ष न जाणं, असा वाक्प्रचार स्वतंत्र नोंदवलाय. खिशातलीत तो नव्हता. गंमत अशी की शेडचाही एक वाक्प्रचार जवळपास तिकडेच जातो: एखाद्याला शेडमध्ये टाकणं म्हणजे त्याला फिका पाडणं. म्हणजे दोन्ही बहिणी भांडताना एका बाजूला. वडिलांच्या बाबतीत दोन्हीही नकोत. इंग्रजीत त्या मुलीला जे म्हणायचं होतं त्याला पंखाखाली म्हणतात, 'अंडर हिज विंग'. आणि पंखाखाली घेणं तर आपल्याकडेही आहे! मी तिला तेच सुचवलं. तिला आवडलं नाही. "बाई, पंख कोंबडीला असतात." मी म्हटलं, घारीलाही असतात. तिने नाइलाजाने लिहिलं.

यावर आमच्याकडे संध्याकाळी चहाला येणाऱ्या मैत्रिणीने वेगळाच मुद्दा काढला. ती नर्स होती, आता निवृत्त आहे, ख्रिस्ती आहे, आणि तिच्या घरी मराठी आणि इंग्रजी दोन्ही बायबल आहेत. ती म्हणाली, शॅडो वाईट कसं? आमच्या ९१व्या स्तोत्रात माणूस सर्वसमर्थाच्या सावलीत राहतो, आणि १६११च्या जुन्या इंग्रजी भाषांतरात तिथे शॅडोच आहे. मग १२१वं स्तोत्र काढलं. तिथे परमेश्वर उजव्या हाताची सावली आहे, आणि इंग्रजीत शेड! मराठीत दोन्हीकडे सावली. मूळ हिब्रूतही दोन्हीकडे एकच शब्द आहे, त्सेल. उन्हाच्या मुलखातली भाषा, आपल्यासारखीच: सावली म्हणजे सुख. हिब्रूतली एक सावली इंग्रजीत उतरवताना भाषांतरकारांनी एकदा शॅडो घेतली, एकदा शेड. तेव्हा शॅडोत राहणं हे इंग्रजीतही एकेकाळी आशीर्वादासारखं वापरलेलं आहे. पण ते स्तोत्राच्या भाषेत. दहावीच्या निबंधात ते चालवून घेईल असा परीक्षक मला अजून भेटलेला नाही.

तिसरी डिक्शनरी माझी लाडकी. वेबस्टर, १८२८ सालची. अमेरिकेच्या नोआ वेबस्टरची, दोन खंडांत सुमारे सत्तर हजार शब्द. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला १८३१ साली, म्हणजे याच्यानंतर तीनच वर्षांनी. त्याची १८५७ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येते, पण तो कोश मराठीकडून इंग्रजीकडे जातो, आमची आजची वाट उलटी आहे. वेबस्टरही इंटरनेटवर फुकट आहे. शेडखाली तो अर्थ देऊन थांबत नाही. सांगतो की शेड ही शॅडोहून वेगळी, कारण शेडला ठराविक आकार नाही, ठराविक हद्द नाही. शॅडो मात्र उजेड अडवणाऱ्या वस्तूचा आकार दाखवते. म्हणून झाडाच्या शेडला जाऊ म्हणताना झाडाचा आकार आपल्या मनात नसतो, पण सावलीवरून पिरॅमिड मोजायचा म्हटला की शॅडोच लागते. मी हे वाचून खुर्चीत सरळ बसले. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाने दोन वाक्यांत बांध आखून दिलाय, वर उदाहरण असं की विसरता येऊ नये.

ते उदाहरण अंगणात करून बघता येईल असं लगेच सुचलं, कारण तारीख जवळ आली होती. आमच्याकडे १० मेच्या आसपास शून्य सावलीचा दिवस असतो. त्या दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. पुण्यात तीन-चार दिवस नंतर, मुंबईत आणखी एक-दोन दिवसांनी. जितकं उत्तरेला तितकं उशिरा. बॅचला बाहेर काढलं. झेंड्याचा पाईप अंगणाच्या मधोमध. सव्वाबाराला त्याची सावली वीतभर होती, मग चार बोटं, मग बोटभर, मग पाईपाच्या बुडाशी गडप. पोरं स्वतःच्या पायाकडे बघत होती. मी विचारलं, शॅडो कुठाय? नाही बाई. मग म्हटलं, ऊन लागतंय का? लागतंय की, टाळू भाजतेय. मग जा सावलीला. सगळी धावत कडुनिंबाखाली गेली. तिथे नेहमीसारखा गारवा होता. सूर्य डोक्यावर म्हणजे झाडाची सावली बरोबर झाडाखाली, दुसरीकडे कुठे नाही. मी अंगणातूनच ओरडले, ही शेड! पाईपाची गेली ती शॅडो! शेळीवाला पोरगा तिथून म्हणाला, "म्हणजे बाई, शॅडो पळते, शेड बसते." मी वहीत लिहून घेतलं. वेबस्टरच्या जोडीला ठेवायला हरकत नाही.

आता मेरियम-वेबस्टरचं आजचं संकेतस्थळ. मी ते या घरच्या खात्यातच धरते, म्हणून वेगळा नंबर देत नाही. तिथे शब्दाच्या तळाशी व्युत्पत्ती असते. पोरं तिथपर्यंत कधीच पोचत नाहीत, मी मात्र तिथूनच सुरू करते. तर शेड आणि शॅडो हे दोन शब्द नव्हतेच. जुन्या इंग्रजीत एकच शब्द, साधारण 'शेआदु' असा. वाक्यात कर्ता असला की एक रूप, बाकी विभक्तींत दुसरं, ज्यात मध्ये 'व' यायचा. हजारेक वर्षांपूर्वीची इंग्रजी आपल्यासारखी विभक्ती चालवायची. पुढे विभक्ती झडल्या आणि दोन रूपं दोन शब्द होऊन बसली: पहिल्याची झाली शेड, 'व'वाल्याची झाली शॅडो. कुरणाला मीड आणि मेडो असे दोन शब्द आहेत ते असेच निघाले.

हे समजवायला मला इंग्रजीची गरजच पडली नाही. दहावीला सामान्यरूप असतं. ऊन, पण उन्हात. उन्हाला. उन्हाचा. 'ह' मधूनच कुठून तरी येतो. आता समजा उद्या मराठीतल्या विभक्ती गळाल्या आणि लोक 'ऊन' आणि 'उन्ह' असे दोन शब्द सुटे वापरू लागले, एक तापलेल्या जागेला आणि दुसरा उजेडाच्या तिरिपेला. तर जे होईल ते शेड-शॅडोचं झालंय. काही घरांत आत्ताही 'उन्ह पडलंय' असंच म्हणतात, तेव्हा फार लांबची गोष्ट नाही. सावलीच्या शब्दाची फोड उन्हाच्या शब्दाने व्हावी हे मला फार आवडलं. वर्गात एवढं कुणाला आवडलं नाही, पण ठीक आहे.

त्याच पानांवर फिरता फिरता शेळ्यांचं शेड सापडलं. एस-एच-ई-डी. पत्र्याचं. त्याची व्युत्पत्ती काय? बहुधा 'शेड', सावली. पाचेकशे वर्षांपूर्वी सावलीच्या शब्दाचंच एक वाकडं स्पेलिंग आडोशासाठी, खोपटासाठी वापरलं गेलं आणि ते वेगळा शब्द म्हणून टिकलं. म्हणजे माझ्या पोराने जी चूक केली ती इंग्रजांनी आधीच केलेली आहे, फक्त त्यांची उलट दिशेने. आपण देवनागरीत दोन्ही 'शेड'च लिहितो: शेडनेटचं शेड, पत्र्याचं शेड, रंगाच्या दुकानातलं शेड कार्ड. अर्धा मार्क मी परत दिला नाही, बोर्डात कापतीलच. पण दुसऱ्या दिवशी फळ्यावर तिन्ही शब्द काढून मधे रेघा ओढल्या आणि त्याला सांगितलं की तुझं म्हणणं बरोबर आहे, तुझं स्पेलिंग पाच शतकं उशिरा आलं. तो पोरांकडे वळून असा हसला की मार्क दिला असता तरी तेवढा हसला नसता.

चौथी, कॉलिन्स कोबिल्ड. १९८७ साली बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या देखरेखीखाली निघाली. आधी खरंखुरं लिहिलेलं-बोललेलं इंग्रजी कम्प्युटरवर ढिगाने गोळा केलं आणि मग त्यातून अर्थ काढले, ही तेव्हा नवी गोष्ट होती. मी ती फोनवर वापरते. तिची खूण म्हणजे अर्थ तुकड्यात देत नाही, पूर्ण वाक्यात देते. झाडासारख्या वस्तूच्या खाली किंवा शेजारी जिथे सूर्यप्रकाश पोचत नाही ती काळोखी जागा म्हणजे शेड. उजेड आणि पृष्ठभाग यांच्या मधे काहीतरी आलं की पृष्ठभागावर उमटते ती शॅडो. बघा, पृष्ठभाग! वेबस्टरच्या डोक्यात आकार, हिच्या डोक्यात भिंत. शॅडोला पडायला काहीतरी लागतं, जमीन, भिंत, पडदा. शेडला तुम्ही लागता, आत बसायला. हे दुसरं वाक्य माझं, कोबिल्डचं नाही. पोरांना हिच्यातली वाक्यं लवकर कळतात, कारण ती मोठ्याने वाचता येतात. अर्थ मोठ्याने वाचता येणं ही छोटी गोष्ट नाही. खिशातली डिक्शनरी मोठ्याने वाचून बघा, किराणा यादी वाटते.

एवढं सगळं झाल्यावर भूगोलाच्या पुस्तकाला मात्र दाद द्यायला हवी, ते परीक्षणात नसलं तरी. आमचा तालुका पर्जन्यछायेचा. याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि आमच्या दहिवडीला पाचशेच्या आत-बाहेर. वारे घाट चढताना पाणी तिकडेच टाकतात आणि इकडे उतरेपर्यंत कोरडे होतात. इंग्रजीत याला रेन शॅडो म्हणतात. ज्याने कुणी मराठी केलं त्याने पर्जन्यसावली केलं नाही, पर्जन्यछाया केलं. ग्रहणाच्या धड्यातही प्रच्छाया आणि उपच्छाया. सावली हा शब्द त्याने सुखासाठी शिल्लक ठेवला. पर्जन्यसावली म्हटलं असतं तर बाहेरच्या माणसाला वाटलं असतं की इथे गारेगार असेल. आमच्याकडे शॅडो भरपूर आहे, शेड नाही. म्हसवडच्या रस्त्याला पाच-पाच किलोमीटर बसायला झाड मिळत नाही. मेंढक्याला विचारा.

तर विकत काय घ्यावं? आठवी ते बारावीचं पोर असेल तर लर्नर्स डिक्शनरी घ्या. जुनी आवृत्ती चालेल, शेड-शॅडोत आवृत्तीगणिक फरक पडलेला नाही. आणि घेतल्यावर त्याला आधी सी आणि यू ही दोन अक्षरं दाखवा, नाहीतर एवढ्या वजनाचा उपयोग फक्त पापड दाबायला. नेट चालत असेल तर कोबिल्ड आणि मेरियम-वेबस्टर दोन्ही फुकट आहेत. १८२८चा वेबस्टर मास्तरांसाठी. त्याचं इंग्रजी जुनं आहे, पोरं वैतागतील. खिशातली असू द्या, पण कुठल्या तरी प्रकाशकाने माझी अर्धी ओळ तीत छापावी. हक्क राखीव नाहीत.

परवा त्या पोराच्या वस्तीवर गेले होते, बोकडाचं विचारायला. वीजजोड आलाय. पत्र्यावर निळ्या ऑइलपेंटने देवनागरीत 'शेळीपालन शेड' लिहिलंय, स्पेलिंगचा प्रश्नच मिटवलाय. दुपारचे दोन वाजले होते. पत्रा एवढा तापलेला की हात लावला तर चटका बसेल. शेड रिकामं होतं. सगळ्या शेळ्या बाहेर, विहिरीजवळच्या चिंचेच्या सावलीला रवंथ करत बसल्या होत्या.